‘प्रभूने मला वाचवलं’ म्हणताना

आजचे वाचन: लूक १८:९-१४; अनुवाद २६:१-११



परूश्याच्या दाखल्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. त्याची प्रार्थना उपकारस्तुतीने सुरू होते. तो काही मागत नाही, तक्रार करत नाही. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश... आपल्या मंडळीत असा माणूस लगेच कमिटीवर गेला असता! तरी नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. परूश्याला आभार मानायला शेजारी कोणीतरी खालचा लागत होता.

आता कंपनीत ले-ऑफ झाल्यावरची आपली साक्ष ऐका. "प्रभूने मला वाचवलं, लिस्टमध्ये माझं नाव नव्हतं." साक्ष मनापासूनची असते. होम लोन आहे, घरात लहान बाळ आहे, तो सुटकेचा श्वास खोटा नाही. पण त्याच फेलोशिपमध्ये मागच्या खुर्चीवर असा एखादा भाऊ बसलेला असतो, ज्याचं नाव लिस्टमध्ये होतं. त्याने काय समजायचं? प्रभू त्याला विसरला? अहो, ती लिस्ट बहुतेक कुठल्यातरी एक्सेल शीटवर ठरलेली असते, आणि त्या शीटमध्ये विश्वासाचा कॉलम नसतो. माझ्यासाठीही नाही, त्याच्यासाठीही नाही.

मग आभार मानूच नयेत का? तसं नाही. अनुवादाच्या २६ व्या अध्यायात आभार मानायची रीतच दिली आहे. इस्राएली माणूस पहिलं पीक टोपलीत घालून आणतो, याजक ती वेदीपुढे ठेवतो, आणि मग तो बोलतो: पूर्वज भटका अरामी होता, मिसरात आमच्यावर जुलूम झाला, आम्ही हाक मारली, देवाने बाहेर काढलं. शेजाऱ्याचं पीक कसं आलं याचा त्यात उल्लेखही नाही. आणि ११ वं वचन सांगतं की हा आनंद लेवी आणि उपरी यांच्यासोबत करायचा. लेव्याला वतन नव्हतं, उपऱ्याचं तर गावच नव्हतं. म्हणजे ज्यांच्या टोपलीत आणायला काही नाही, ते या आनंदाला हजर हवेत.

दोन अध्याय आधी (२४:१९-२२) हेच शेतात दिसतं. विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. ती उपरी, अनाथ आणि विधवा यांची. कारण पुन्हा तेच, मिसरातली गुलामी. रूथ सरवा वेचायला गेली ती याच नियमाच्या आधाराने. मला बवाजाची एक गोष्ट फार आवडते. तो गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम थोडी कणसं मागे पडू द्या, आणि तिला धमकावू नका. वेचायचं काम मात्र तिचंच राहतं. तिचा मान जात नाही.

नोकरी गेलेल्या भावाला "प्रार्थना करतो हं" असा मेसेज टाकणं सोपं आहे. पण त्याचा रेझ्युमे मॅनेजरपर्यंत पोचवणं, शनिवारी दोन तास बसून मॉक इंटरव्ह्यू घेणं, हे आपल्या शेतातलं आहे. (रेफरल बोनस मिळाला तर त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. बवाज हसला असता.) आणि ज्या रविवारी तो समोर बसलेला असेल, त्या रविवारी आपली साक्ष थोडी थांबली तरी चालेल. आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा.

प्रार्थना: प्रभू, ज्याला फोन करायचा राहिला आहे त्याचं नाव आज जेवणाच्या सुट्टीत मला आठवू दे. आमेन.