ग्रंथपालाची वाढ आणि वाचकाचा हक्क

आपल्या व्यवसायात माणसाने कोणत्या दिशेने वाढावे, हा प्रश्न आज बहुधा सेवाशर्ती, वेतनश्रेणी आणि प्रमाणपत्रे यांच्या कक्षेत सोडवला जातो. परंतु ज्या व्यवसायाचे प्रयोजन दुसऱ्याच्या ज्ञानात पूर्ण होते, त्याच्यापुरता तरी हा प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे. ग्रंथपालाचा व्यवसाय असा आहे. शिक्षक स्वतः जाणलेले सांगतो, वैद्य स्वतः उपचार करतो. ग्रंथपाल मात्र वाचक आणि ग्रंथ यांची गाठ घालून देतो आणि ती पडली की बाजूला होतो. अशा माणसाची प्रगती कशाने मोजावी, ती झाल्यास लाभ कोणाचा आणि न झाल्यास दोष कोणाकडे जातो, याची उत्तरे सेवानियमांत मिळत नाहीत. कोल्हापूरच्या संदर्भात त्यांचा विचार करण्यास विशेष कारण आहे, कारण ज्ञानावर कोणाचा अधिकार आहे, हा वाद या नगरीत धर्मपीठापासून राजदरबारापर्यंत लढला गेला आणि त्याच संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताचा बहुचर्चित कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्ये आला.

भारतीय परंपरेत व्यवसायाच्या दिशेचा विचार ज्या संकल्पनेभोवती झाला, ती स्वधर्माची, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या आणि त्याने टाळू नये अशा कर्तव्याची. गीतेचा आरंभच एका अर्थी व्यवसाय सोडण्याच्या इच्छेतून होतो: ऐन रणभूमीवर खचलेला अर्जुन शस्त्र खाली ठेवून भिक्षेवर जगणे बरे, असे म्हणू लागतो, आणि पुढील सारे विवेचन हा निर्णय विचारातून आला आहे की विषादातून, याच्या शोधात निघते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या विवेचनाचा केंद्रबिंदू लोकसंग्रह हा मानला. लोकसंग्रह म्हणजे समाजाची घडी नीट राहावी आणि लोक सन्मार्गाला लागावेत, यासाठी ज्ञानी पुरुषानेही कर्म करीत राहणे. ग्रंथालयाचे काम करणाऱ्याला हा विचार जवळचा वाटावा, हे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या कर्माचे फळ जवळजवळ नेहमीच त्याच्या नजरेआड पिकते. दिलेले पुस्तक वाचकाने घरी नेऊन वाचले की नाही आणि त्यातून त्याच्या आयुष्यात काय उगवले, हे देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्याला क्वचितच कळते.

तथापि स्वधर्माची संकल्पना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. शतकानुशतके तिचा अर्थ जन्माने ठरणारे काम असा लावला गेला. गीतेतच गुण आणि कर्म यांचा आधार सांगितला असूनही व्यवहारात जात हाच निकष ठरला. कोल्हापुरात या अर्थावर सर्वांत थेट घाव पडला. १८९९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या वेदोक्त प्रकरणात खुद्द राजर्षी शाहू छत्रपतींना वैदिक मंत्रांनी धर्मकृत्ये करण्याचा अधिकार नाकारला गेला, म्हणजे एका ग्रंथपरंपरेचे दार राजालाही बंद असल्याचे सांगितले गेले. पुढे २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. या मोठ्या निर्णयांच्या सावलीत राहिलेला १९१८ मधील कुलकर्णी वतने रद्द करण्याचा निर्णय प्रस्तुत विषयाला अधिक लागू पडतो. कुलकर्णी म्हणजे गावाचे दप्तर वंशपरंपरेने सांभाळणारा अधिकारी. त्याच्या जागी पगारी तलाठी नेमले गेले, आणि लेखी नोंदी राखणे हे काम घराण्याचे न राहता शिकून मिळवण्याचे झाले. नोंदी, दप्तरे आणि ग्रंथ यांवर जगणाऱ्या प्रत्येक आधुनिक व्यवसायाच्या मुळाशी हे स्थित्यंतर आहे. ग्रंथपाल कोणी जन्माने होत नाही, हे आज सांगावेही लागत नाही, ही शाहूकालीन संघर्षाचीच कमाई होय.

मात्र जन्माचा आधार काढून घेतल्यावर स्वधर्म ठरवायचा कशावर? आधुनिक मन चटकन 'आवडीवर' असे उत्तर देते, आणि हे उत्तर अपुरे आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांना या कामाची आवड नव्हती. रिकाम्या दालनातील एकटेपणाला कंटाळून त्यांनी अध्यापनाकडे परत जाण्याची इच्छा व्यक्त केली होती. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला अभ्यासासाठी पाठवले, तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत सर्व थरांतील माणसे पुस्तकांचा सर्रास वापर करताना त्यांनी पाहिली, आणि परतल्यावर ज्या माणसाला गणिताकडे जायचे होते, त्याने १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आणि १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे विषयाचे अनेक पैलू पाडून ते विरामचिन्हांनी जोडणारी पद्धती, जगापुढे ठेवली. या क्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. आधी जबाबदारी आली, मग शिक्षण, त्यानंतर समज आणि सर्वांत शेवटी प्रेम. आवड हे स्वधर्माचे कारण न राहता त्याचे फळ ठरले. कंटाळ्याच्या पहिल्या महिन्यांत त्यांना परत जाऊ दिले असते, तर तो निर्णय अर्जुनाच्या पहिल्या निर्णयासारखा विषादातून आलेला ठरला असता. येथे आणखी एक बाब सहसा दुर्लक्षित राहते: रंगनाथनांचा कायापालट केवळ त्यांच्या अंतःकरणात घडला नाही, त्यासाठी एका विद्यापीठाने त्यांना रजा, खर्च आणि वेळ दिला होता.

ग्रंथपालाने शिकत राहावे, या अपेक्षेला नैतिक बळ कोठून मिळते, याचे अधिक खोल उत्तर कोल्हापूरच्या परिसरात शतकानुशतके नांदत असलेल्या जैन परंपरेत सापडते. जैन दर्शनानुसार कर्म म्हणजे आत्म्याला चिकटणारे सूक्ष्म द्रव्य होय, आणि त्याच्या आठ मूळ प्रकारांपैकी पहिला ज्ञानावरणीय, म्हणजे आत्म्याच्या स्वाभाविक ज्ञानशक्तीवर आवरण घालणारा. हे कर्म कशाने बांधले जाते, याची कारणे 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सहाव्या अध्यायात दिली आहेत; त्यांत निह्नव, म्हणजे आपल्याजवळचे ज्ञान लपवणे, मात्सर्य, म्हणजे योग्य माणसालाही ते मत्सरापोटी न देणे, आणि अंतराय, म्हणजे दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अडथळा आणणे, यांचा समावेश आहे. या मांडणीचे वैशिष्ट्य असे की ती ज्ञान मिळवण्याच्या पुण्याइतकाच ज्ञानाच्या वाटेत उभे राहण्याच्या दोषाचा विचार करते, आणि हा दोष शेवटी अडवणाऱ्याच्याच ज्ञानावर आवरण म्हणून परततो. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत, त्याच्यासाठी याहून नेमका नीतिविचार दुसरा आढळत नाही.

या परंपरेने ग्रंथांची पूजाही केली आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस दिगंबर जैन श्रुतपंचमी पाळतात, 'षट्खंडागम' हा आगमग्रंथ लिहून पूर्ण झाल्याचे स्मरण करतात आणि शास्त्रग्रंथ बाहेर काढून, स्वच्छ करून, नव्या वेष्टनांत बांधतात. पण पूजा आणि वापर यांच्यात अंतर पडू शकते, याचे उदाहरणही त्याच ग्रंथाने घालून दिले. त्यावरील 'धवला' टीकेच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत जपून ठेवलेल्या होत्या आणि दीर्घकाळ त्या यात्रेकरूंना केवळ दर्शनासाठी दाखवल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९३९ मध्ये छापून आला. या संपादनास ज्यांचे साहाय्य लाभले, ते आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवीत होते. बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याला जन्मलेल्या या विद्वानाने कोल्हापुरात राहूनच ठिकठिकाणच्या भांडारांतील हस्तलिखिते ताडून पाहिली आणि १९३५ मध्ये कुंदकुंदाचार्यांच्या 'प्रवचनसारा'ची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वाढण्यासाठी मोठ्या शहरात जावेच लागते, या समजुतीला उपाध्यांचे आयुष्य हे सज्जड उत्तर आहे. त्यांची उंची पदाने वाढली नाही. जे ग्रंथ पूर्वी फक्त हात जोडून पाहिले जात, ते वाचता येऊ लागले, आणि ही वाढ तेथे दिसते.

आता प्रश्न असा उरतो की केवळ न जाणणे हादेखील अंतराय ठरेल काय. ज्ञानावरणाच्या कारणांत मुख्यतः दुष्ट हेतूचा विचार आहे, हे खरे. परंतु कर्मबंधाच्या सामान्य कारणांत जैन दर्शन प्रमादही मोजते, आणि प्रमाद म्हणजे जागरूकतेचा अभाव, करता येण्यासारखी काळजी न घेणे. ग्रंथपालाच्या हातून होणारे बहुतेक नुकसान याच जातीचे असते. चुकीचा वर्गांक पडलेले पुस्तक चोरीला गेलेले नसते, तरीही ते मागणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. संगणकीकृत तालिकेत एकाच मराठी लेखकाचे नाव एकदा देवनागरीत, एकदा रोमन लिपीत आणि तेही तीन निरनिराळ्या वर्णयोजनांनी नोंदले गेले, तर त्याची अर्धी पुस्तके शोधणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. गगनबावड्याहून शिवाजी विद्यापीठात आलेल्या संशोधक विद्यार्थ्याला 'शोधगंगा' या प्रबंधसंग्रहात कसे शोधावे, हे कोणी दाखवले नाही, तर त्याच्या कामाचे कित्येक आठवडे वाया जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. वाचक या त्रुटीबद्दल तक्रार करू शकत नाही, कारण काय हुकले, हेच त्याला माहीत नसते. म्हणूनच ती टाळण्याची जबाबदारी पूर्णपणे दुसऱ्या बाजूवर येते. या अर्थाने वर्गीकरणाची नवी आवृत्ती, 'सोल' किंवा 'कोहा' यांसारखी ग्रंथालयीन संगणकप्रणाली, लेखाधिकाराचे नियम हे सारे शिकणे ग्रंथपालाच्या वैयक्तिक उत्कर्षाची बाब राहत नाही. ते वाचकाचे देणे आहे.

देणे म्हटले की ते कोणी फेडायचे, हेही सांगावे लागते, आणि येथे निष्काम कर्माच्या आदर्शाचा गैरवापर थांबवणे आवश्यक ठरते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये झाला. त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि त्यांना शासनाचे परिरक्षण अनुदान मिळते, पण त्यातून ग्रंथपाल, लिपिक, निर्गम साहाय्यक आणि शिपाई यांच्या हाती पडणारे वेतन इतके तुटपुंजे असते की गावोगावचा ग्रंथपाल दुसरा काही उद्योग केल्याशिवाय घर चालवू शकत नाही. या स्थितीचे समर्थन 'हे सेवेचे क्षेत्र आहे' अशा शब्दांत केले जाते, आणि ते धर्मविचाराच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याला केलेला आहे. काम करवून घेणाऱ्याला मोबदला रोखण्याची मुभा त्यातून कोणत्याही भाष्यकाराने काढलेली नाही. अर्धवेळ मानधनावर राबणाऱ्या माणसाने रविवारी स्वखर्चाने प्रशिक्षणाला जावे आणि ते न जमल्यास मागासलेला म्हणून ऐकून घ्यावे, यात प्रमाद असेल तर तो संस्थेचा आणि शासनाचा आहे.

महाविद्यालयीन ग्रंथपालांची स्थिती वेगळी आहे, आणि तिच्याविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत त्यांच्या पदोन्नतीसाठी उजळणी पाठ्यक्रम, चर्चासत्रे, तालिकेचे संगणकीकरण, ग्रंथसाठ्याची तपासणी यांचा हिशेब धरला जातो. यांतील शेवटच्या दोन गोष्टी वाचकाशी थेट जोडलेल्या आहेत आणि त्या मोजल्या जातात, हे योग्यच आहे. चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांविषयी तसे निःशंकपणे म्हणता येत नाही; ज्या प्रशिक्षणानंतर तालिकेत, मांडणीत किंवा संदर्भसेवेत, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाला साधनांपर्यंत नेण्याच्या कामात, एकही बदल घडत नाही, ते सेवापुस्तकात नोंदले गेले तरी वाचकाच्या खाती जमा होत नाही.

उरतो तो दिशेचा प्रश्न: एकाच ग्रंथालयात आयुष्य काढावे, की तालुक्याच्या वाचनालयातून महाविद्यालयात, तेथून विद्यापीठात, असे पुढे जात राहावे. स्वधर्म हा जन्माने ठरत नसेल, तर तो जागेनेही ठरत नाही, आणि १८५० मध्ये स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेत राहणारा ग्रंथपाल तेथून जाणाऱ्यापेक्षा आपोआप श्रेष्ठ होत नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची तयार केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा कामाला पदोन्नतीच्या कोणत्याही शिडीवर पायरी नव्हती, आणि आजही मराठीचा अभ्यासक त्या सूचीवाचून पुढे जाऊ शकत नाही. जाणाऱ्याने आणि राहणाऱ्याने सारखेच फेडायचे एक ऋण मात्र आहे. कोणत्या घराण्याने कोणता संग्रह दिला, कोणत्या नियतकालिकाचे कोणते वर्ष अपुरे आहे आणि ते कोठे मिळू शकेल, कोणता जुना विषय कोणत्या वर्गांकाखाली चुकून गेला आहे, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या वावराने एका माणसाच्या डोक्यात साठते, आणि तो निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की त्याच्याबरोबर जाते. ते लिहून ठेवण्याची सोय बहुतेक ग्रंथालयांच्या दप्तरात नाही: दाखलनोंदवहीत किंमत, पृष्ठे आणि पुरवठादार यांचे रकाने असतात, या माहितीसाठी रकाना नसतो. निह्नवाचा दोष टाळू इच्छिणाऱ्या ग्रंथपालाने तो रकाना स्वतः आखावा, आणि ते काम अनुदानाच्या तपासणीत मोजले जावे, अशी मागणी ग्रंथपालांच्या संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीइतक्याच जोराने करावी.