शेपटीवाले आडनाव

शेजाऱ्याच्या दाराला कडी नाही हे आपल्या लक्षात आले, तर काय करावे? माझ्या लहानपणी वाड्यात हा प्रश्न कोणाला पडत नसे. जो बघेल तो जिन्यातूनच ओरडायचा, "अहो, दार उघडं राहिलंय!" आतून "बरं, बरं" असा आवाज यायचा. "पण तुम्ही आमच्या दाराकडे बघितलंतच का?" असे कोणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही. नीतिशास्त्र तेव्हा एका जिन्यात मावत असे.

आता मावत नाही. त्याचे कारण आमचे शेजारी डिसूझा.

डिसूझा मूळचे वसईचे. त्यांना एका सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा होता. त्यांचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, म्हणून बोटे माझी. त्यांचे आडनाव इंग्रजीत लिहिताना 'डी'च्या पुढे वरच्या बाजूला एक छोटी शेपटी काढतात. मी ती इमानाने काढली, बटण दाबले आणि अर्जाची पोच यायच्या ऐवजी पडद्यावर इंग्रजीचा नुसता गलका उसळला. कसल्याकसल्या कोष्टकांची नावे, रकान्यांची नावे! एखाद्या गृहस्थाला नाव विचारावे आणि त्याने सदरा वर करून ऑपरेशनची खूण दाखवावी, तसे झाले.

माझा भाचा संगणकातला. त्याने पडदा पाहिला आणि म्हणाला, "मामा, आता कशाला हात लावू नका. याला एसक्यूएल इंजेक्शनची वाट म्हणतात."

इंजेक्शन म्हटल्यावर डिसूझांचा हात आपोआप दंडाकडे गेला.

भाच्याने समजावले ते असे. आत एक अतिशय आज्ञाधारक कारकून बसलेला असतो. 'अमुक नावाचा कागद काढ' अशी चिठ्ठी त्याच्याकडे जाते. नाव कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे त्याला कळावे, म्हणून ते अशाच दोन शेपट्यांच्या मध्ये लिहिलेले असते. डिसूझांची शेपटी आली की त्याला वाटते, नाव संपले. पुढचे 'सूझा' म्हणजे साहेबांचा हुकूम! असला हुकूम त्याने जन्मात ऐकलेला नसतो, म्हणून तो आरडाओरडा करतो. पण त्याच जागी एखाद्या लबाडाने 'आणि सगळी कपाटे उघड' असे लिहिले, तर हा बिचारा उठून कपाटे उघडतो.

"मग उपाय?"

"सोपा आहे. हुकूम आधी वेगळा द्यायचा आणि नाव वेगळ्या लखोट्यातून. लखोट्यात काहीही लिहिलेलं असो, ते नावच धरायचं."

हे दुखणे नवे नाही. १९९८ साली 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात त्याची जाहीर वाच्यता झाली होती. तरी २०१६ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मतदारयादीत रशियाच्या लष्करी हेरांनी याच वाटेने हात घातला, असे २०१९ च्या म्युलर अहवालात लिहिले आहे. तेव्हा आपलेच कारकून भोळे, असे म्हणून कपाळाला हात लावायचे कारण नाही.

"कळवून टाकू या," मी म्हणालो.

"तुम्हाला काय करायचंय?" आतून सौभाग्यवती म्हणाल्या. "उद्या विचारतील, तुम्हाला कसं कळलं?"

बायकोची भीती अगदीच अनाठायी नव्हती. २०२१ साली मिसुरी राज्यात एका बातमीदाराला शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे खाजगी क्रमांक पानाच्या मागच्या मजकुरात सापडले. चूक निराळी, पण दार उघडेच. त्याने खात्याला कळवले आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या वर्तमानपत्राने बातमी थांबवली. गव्हर्नर पार्सन यांनी त्यालाच हॅकर ठरवून खटल्याची भाषा केली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायचा नाही असे ठरवले. पण तोवर त्या माणसाला किती रात्री झोप लागली असेल? आपल्याकडेही २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. लबाडीने दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. मी मनातल्या मनात साक्ष देऊन पाहिली. "ते चिन्ह तुम्हीच टाकलंत ना?" "होय साहेब, पण ते यांचं आडनाव आहे."

दोन दिवस मी गप्प राहिलो. त्याला मी 'विचार करणे' म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी डिसूझा म्हणाले, "अहो, त्या कपाटात सरकारचं काय आहे? कागद माझे, तुमचे, त्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचे. दार सरकारचं, सामान आपलं."

मला एकदम कानकोंडे झाले. आतल्या कारकुनाला नाव आणि हुकूम यांतला फरक कळत नाही, म्हणून मी हसलो होतो. वरच्या साहेबांना सांगणारा आणि चोरणारा यांतला फरक कळत नाही, म्हणून चिडलोही होतो. आणि मला स्वतःला सावधपणा आणि भित्रेपणा यांतला फरक दोन दिवस कळला नव्हता!

त्याच संध्याकाळी आम्ही त्या कार्यालयाला आणि अशा खबरा घेणाऱ्या केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन'ला पत्र धाडले. काय टाइप केले, काय दिसले, पुढे काही केले नाही, एवढेच. मी खाली 'एक नागरिक' लिहिले होते. डिसूझांनी ते खोडायला लावले आणि दोघांची पूर्ण नावे घातली. "पुरावा माझं आडनाव आहे. ते लपवून कसं चालेल?"

उत्तर आले नाही. पोलीसही आले नाहीत. महिन्याभराने डिसूझांचा अर्ज राहिलाच होता म्हणून पुन्हा भरला, शेपटीसकट. बटण दाबताना माझे बोट जरा थरथरले. पडद्यावर मुकाट्याने पोच आली.

"आभाराचं एक अक्षर नाही बघा," मी म्हणालो.

डिसूझा पोचपावतीवरचे आपले नाव नव्या चष्म्यातून न्याहाळत होते. म्हणाले, "असू दे हो. नाव तरी नीट घेतलं!"