एका खोलीचा पूर्वपक्ष

वर्ण, वंश, धर्मश्रद्धा किंवा राष्ट्रीय मूळ (ज्यात नागरिकत्वही येते) यांवरून घर वा नोकरी नाकारण्यास न्यूझीलंडच्या 1993 च्या मानवी हक्क कायद्याने मनाई केली आहे. परंतु मालक स्वतः राहत असलेल्या घरातील खोली भाड्याने द्यायची असेल, तर घराविषयीचे हे बंधन लागू होत नाही. ऑकलंडमधील एखादे कुटुंब अशी खोली केवळ मराठी आणि शाकाहारी भाडेकरूस देऊ इच्छीत असेल, तर कायदा त्यास अडवत नाही; नीतीने अडवावे काय, हा प्रश्न मात्र उरतो. शास्त्रचर्चेच्या रीतीनुसार येथे आधी आक्षेपकाची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, आणि मग तिचे समाधान, म्हणजे उत्तरपक्ष, मांडला आहे.

पूर्वपक्षी: ज्याच्याबरोबर स्वयंपाकघर वाटून घ्यायचे, त्याची निवड मैत्रीइतकीच खाजगी असते. परदेशात आपली भाषा आणि आपले अन्न जाणणारा सोबती शोधणारा मनुष्य कोणाचा द्वेष करत नाही.

उत्तरपक्षी: द्वेष नसला तरी परिणाम उरतोच. पुकेकोहे येथे 1926 मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हाइट न्यूझीलंड लीग’ने, भाजीपाला पिकवणाऱ्या चिनी आणि भारतीय शेतकऱ्यांना जमीन भाडेपट्ट्याने देऊ नये, असा प्रचार केला. आपली जमीन कोणाला द्यावी हा प्रत्येक मालकाचा अधिकारच होता. परंतु अनेकांनी तो एकाच दिशेने वापरला की त्याची भिंत होते, आणि त्या भिंतीचा जाब कोणा एकाला विचारता येत नाही.

पूर्वपक्षी: ती संघटना बहुसंख्याकांची होती. अल्पसंख्य समाजातील एका कुटुंबाच्या एका खोलीने कोणाचीही वाट अडत नाही.

उत्तरपक्षी: बळातला फरक मान्य केला पाहिजे, आणि म्हणून दोषाचे वजनही कमी धरले पाहिजे, बाह्य खुणेवरून माणूस ठरवणाऱ्या अनुमानाची पद्धत मात्र तीच राहते. ऑकलंडमध्ये जन्मलेले, न्यायाधीश आणि लोकपाल म्हणून काम केलेले, इंडो-फिजियन आईवडिलांचे पुत्र सर आनंद सत्यानंद गव्हर्नर-जनरल असताना, 2010 मध्ये एका दूरचित्रवाणी निवेदकाने पंतप्रधान जॉन की यांना, पुढचा गव्हर्नर-जनरल न्यूझीलंडरसारखा दिसणारा आणि बोलणारा असेल काय, अशा आशयाचा प्रश्न केला. निवेदकास पद सोडावे लागले. तथापि जन्मस्थान आणि कारकीर्द यांपेक्षा वर्ण हाच अधिक मोठा पुरावा धरला गेला, हे त्या प्रश्नातून उघड झाले. अर्जावरचे मुस्लिम नाव वाचूनच खोली नाकारणारा मालकही नावावरून माणूस ठरवतो.

पूर्वपक्षी: तर मग नाव पाहू नये, केवळ आहाराची अट घालावी.

उत्तरपक्षी: ती अधिक न्याय्य ठरेल, कारण वर्ण बदलता येत नाही, पण परक्या घरातील पथ्य पाळता येते. तरीही अप्रत्यक्ष भेदभावाचा, म्हणजे वरकरणी सर्वांना सारखी असणारी अट सबळ कारणाशिवाय विशिष्ट गटालाच बाहेर ठेवते त्या प्रकाराचा, संशय राहतो. शिवाय अट निव्वळ निमित्त आहे काय, हे दोन अर्जदार कल्पून तपासता येईल: एक मासे रांधणारा मालवणी हिंदू, आणि दुसरा मराठी बोलणारा, त्या घरात शाकाहार पाळण्यास तयार असलेला रत्नागिरीचा मुसलमान. पहिल्यास सवलत आणि दुसऱ्यास नकार मिळाला, तर अट आहाराची नव्हती आणि भाषेचीही नव्हती.

पूर्वपक्षी: ही तपासणी करणार कोण? न्यायाधिकरण तर त्या घरात येणार नाही.

उत्तरपक्षी: येऊही नये, प्रत्येक स्वयंपाकघरावर देखरेख ठेवणारे राज्य अधिक मोठा अन्याय करील. म्हणूनच कायदा जेथे थांबतो तेथे मालकावरची जबाबदारी वाढते, आणि ती पार पाडण्याचा किमान मार्ग असा, की नकाराचे जे कारण अर्जदारासमोर स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही, त्या कारणावरून नकार देऊ नये.