नाव कोणाची?



झाशीहून खजुराहोच्या रस्त्याला लागले की बरुआसागर येते. ओरछ्याचे राजे उदितसिंह यांनी अठराव्या शतकात बांध घालून करवलेला विस्तीर्ण तलाव ही या गावाची ओळख. बुंदेलखंडातल्या अशा तलावांवर ढीमर, रायकवार, केवट समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जगत आली आहेत. मासे धरायचे, शिंगाडे लावायचे, नाव चालवायची. जवळच बेतवेकाठी ओरछा आहे. तिथे प्रभू श्रीराम राजा म्हणून पुजले जातात आणि पोलीस त्यांना रोज सलामी देतात. त्या मुलखात केवटाची कथा कोणाला सांगावी लागत नाही. तरी ती आज आपण पुन्हा आठवू या, कारण सेवेला निघणाऱ्यांसाठी तिच्यात एक अवघड गोष्ट आहे.

वनवासाला निघालेले प्रभू गंगेच्या काठावर उभे आहेत आणि नाव मागत आहेत. साऱ्या जगाला भवसागरातून पार नेणारा एका नावाड्यापुढे याचक झाला आहे! आणि नावाडी लगेच होकार देत नाही. तुमच्या पायधुळीने शिळेची स्त्री झाली, माझी नाव तर लाकडाची. आधी पाय धुऊ द्या, मगच बसा, असे तो म्हणतो. प्रभू थांबतात, पाय धुऊ देतात. पैलतीरी सीतामाई अंगठी देऊ करतात, तर तो तीही घेत नाही. परतताना याल तेव्हा जे द्याल ते प्रसाद म्हणून घेईन, एवढेच त्याचे म्हणणे.

आपण ही कथा ऐकतो आणि केवटाच्या भक्तीने गहिवरतो. ते योग्यच आहे. पण प्रभूंनी काय केले, इकडे आपले लक्ष जात नाही. त्यांनी मागितले, ताटकळले आणि घेतले.

सेवाकार्याच्या वृत्तांतांचा अनुवाद करताना 'लाभार्थी' हा शब्द माझ्यासमोर सारखा येतो. इतके लाभार्थी तपासले, इतक्या लाभार्थ्यांना साहित्य दिले. शब्द चुकीचा नाही, सरकारी कागदावर तो चालतोच. पण त्यात देणारा कोण आणि घेणारा कोण हे आधीच ठरून जाते. वाणिज्य शाखेत पहिल्या वर्षी शिकवतात: घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याला जमा करा. या नियमाने सेवेचा हिशेब मांडून पाहिला, तर नावेची बाजू बहुधा आपलीच भरते.

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात नर्मदाकाठी चिमलखेडी आहे. सरदार सरोवराचे पाणी चढले आणि तिथले कित्येक पाडे डोंगरउतारांवर एकेकटे पडले. कसायची जमीन गेली तेव्हा अनेकांनी जाळे हाती घेतले. अशा भागात दवाखानासुद्धा तरंगता लागतो, आणि सरकारने तो पाण्यावर आणलाही. 2020 साली टाळेबंदीत अलिगट आणि दादर या पाड्यांवरच्या आया भीतीने अंगणवाडीपर्यंत येईनाशा झाल्या. तेव्हा अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराकडून छोटी होडी मागून घेतली. वजनकाटा आणि पोषण आहार होडीत ठेवून त्या स्वतः वल्ही मारत निघाल्या. जाऊन-येऊन सुमारे 18 किलोमीटर, आठवड्यातून अनेक दिवस. 25 बालके आणि 7 गरोदर माता यांची काळजी त्यांच्यावर होती. अंगणवाडी सेविकेचे पद कागदोपत्री 'मानसेवी' आहे. एवढ्या मोठ्या शब्दाचा अर्थ रेलूताईंच्या वल्ह्याने आम्हाला समजावला.

पण होडी कोणाची होती? त्या मच्छीमाराचे नाव बातम्यांतून आले नाही. त्याने पोटापाण्याचे साधन दिले नसते, तर वजनकाटा काठावरच राहिला असता. ज्यांच्यासाठी जायचे, त्यांच्यातल्याच एकाकडे आधी हात पसरावा लागला. मला यात केवटच दिसतो.

घर बांधून देण्यातही असेच आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. कौले, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि पावसाळा अगदी तोंडावर. कितीतरी संस्थांचे स्वयंसेवक ताडपत्र्या आणि पत्रे घेऊन कोकणात पोचले. पत्रा आणणे पैशाचे काम. तो बसवणे जाणकाराचे. पत्र्यांचे जोड पावसाळी वाऱ्याच्या तोंडाला आले तर पहिल्याच सोसाट्यात उचकटतात, आणि वारा कोणत्या खिंडीतून वळून येतो हे त्या वाडीतल्या म्हाताऱ्या तांडेलालाच ठाऊक असते. त्याला विचारले तर छप्पर टिकते. शिडी धरायला, चहा द्यायला म्हणून त्याला बाजूला बसवले, तर आपण घर दिले खरे, पण घरधनी हिरावला.

म्हणून मच्छीमार वस्तीत आरोग्य शिबिर ठरवताना तारीख आपल्या सुट्टीवरून काढू नये. शनिवारी सकाळी दहाला मंडप घातला तर पुरुष समुद्रावर आणि बायका टोपल्या घेऊन बाजारात. मंडपात आपणच आपल्याला भेटू. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, दारात जाळी दुरुस्त होत असतात, तेव्हा माणूस घरी सापडतो. उन्हाच्या तिरपेने बिघडलेले डोळे, खारट पाण्याने आणि दोरीने चिरलेले हात, टोपलीच्या भाराने धरलेल्या माना, हे दुखणे तो तेव्हाच निवांत सांगतो. आणि बेट किंवा खाडीपलीकडची वाडी असेल तर भरती-ओहोटी त्यांच्याकडूनच विचारून घ्यावी.

प्रभूंना पाय धुऊन होईपर्यंत काठावर थांबावे लागले. आपल्या औषधांच्या पेट्यांनाही कधी पाणी चढेपर्यंत धक्क्यावर थांबावे लागेल. तेवढ्या वेळात तिथे मासळी निवडत बसलेल्या मावशींजवळ जाऊन बसावे, आणि त्यांनी चहा पुढे केला तर नको म्हणू नये.