निळी रेषा आणि कोरडे पात्र

खेड तालुक्यातून शिरूरमध्ये उतरून पुढे भीमेला मिळणारी वेळ नदी केंदूरच्या परिसरात वर्षाचे बरेच महिने कोरडी असते, तरीही सर्वसाधारण नकाशा अशी नदी अनेकदा बारमाही असल्यासारखी अखंड निळी रंगवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या स्थलनिर्देशक नकाशांत कोरडे ओढे काळ्या आणि वाहते पाणी निळ्या रंगाने दाखवण्याचा संकेत होता. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्येही प्रवाह हंगामी असल्याची नोंद करता येते. ती कोणीतरी करावी मात्र लागते.

सर्वांना थोडेथोडे सांगणारा नकाशा वेगळा आणि एकाच प्रश्नासाठी बाकी सारे गाळणारा विषयनिष्ठ नकाशा वेगळा. दुसऱ्या प्रकारासाठी कच्चा माल आज मुबलक आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेली भूपृष्ठाची उंची कोणालाही विनामूल्य मिळते. तिच्या प्रत्येक चौकटीची उंची शेजारच्या आठ चौकटींशी ताडून पाणी कोणीकडे उतरेल हे क्यूजीआयएससारख्या मुक्त संगणकप्रणालीत काढले, की पाणलोट, म्हणजे ज्या क्षेत्राचे पाणी एकाच ओढ्याला येते ते क्षेत्र, आखता येते. पण ही चौकट तीस मीटर लांबरुंद, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांची. शेताचा बांध तिच्यात विरघळून जातो.

गुंठा हे मापही मुळात नकाशाचेच अपत्य आहे: मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे, आणि तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. ज्या गावनकाशाला लोक आज तटस्थ मानतात, तोही एकाच प्रश्नाचा, सारा कोणी किती भरायचा याचा, विषयनिष्ठ नकाशा होता.

विदा खुली झाली की समता आपोआप येते असे मानणारा एक पक्ष आहे, आणि सरकारी दप्तरात कुलूपबंद राहिलेल्या माहितीचा अनुभव पाहता त्याचे म्हणणे मोहक वाटते. मात्र हा पक्ष पृष्ठभागावरच थांबतो. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुख्यतः झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगा-सांध्यांत साठते. उंची मोजणाऱ्या रडारला ते दिसत नाही, विहिरींच्या नोंदींतूनच कळते. अशा नोंदींचा भूजल-नकाशा सर्वांना सारखाच वाचता आला, तरी खोल बोअर घेण्याची ऐपत सारखी नसते, आणि एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटू शकते. पाणाड्या निदान एका वेळी एकालाच जागा दाखवतो.

म्हणून सर्व नोंदी गुप्त ठेवाव्यात, असे मात्र म्हणता येत नाही. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले, आणि भेगा वर्तुळ जुमानत नसल्या तरी त्या वर्तुळाचे उल्लंघन दाखवायला नकाशाच लागतो. तेव्हा सरसकट खुलेपणाचा आग्रह सोडून क्रम ठरवावा लागतो: पिण्याच्या पाण्याची विहीर आणि तिच्याभोवतीचे वर्तुळ आधी सर्वांसमोर यावे, पाणलोटातील पाण्याची पातळी एकत्रित आकड्यांत यावी, आणि कोणत्या गटात खाली पाणी आहे ही नोंद, उपसा किती करायचा हे ठरेपर्यंत, ग्रामसभेपाशी राहावी.