मेघ आणि पूर

आषाढातल्या दमट हवेने ज्याचा सदरा अंगाला चिकटला आहे अशा माणसास कासूच्या स्टेशनावर बर्फाचे भय सांगितले, तर तो हसेल. कासूभोवतीच्या खारेपाटात बर्फाचा संबंध यायचा तो मासळीपुरताच. तथापि त्याच हवेतून एखादे लहान विमान, १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूस टपाल आणले त्या पस मॉथसारखे, शक्ती कमी करून उतरू लागले, तर त्याच्या कार्बोरेटरात बर्फ धरू शकतो. कारण पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद कंठातून वेगाने जाताना हवा वीस-तीस अंशांनीही निवते, व तिच्यातील बाष्प तेथेच गोठते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे जे प्रकार आहेत, त्यांपैकी दोन येथे समोरासमोर येतात. मेघावरून होणाऱ्या वृष्टीचे अनुमान ते पूर्ववत्. पुरावरून होऊन गेलेल्या वृष्टीचे ते शेषवत्, आणि नागोठण्याची अंबा गढूळ होऊन चढली की घाटात पाऊस झाल्याचे ताडणारा इकडचा शेतकरी तेच करीत असतो. इंजिनाचे फेरे घटले म्हणून बर्फ झाला असे ठरविणाऱ्या वैमानिकाचे अनुमान शेषवत् होय. ते निर्दोष, पण उशिराचे. कार्बोरेटरातील तापमापक बर्फ दाखवीत नाहीच. काटा उणे १५ ते अधिक ५ अंशांच्या पिवळ्या पट्ट्यात शिरल्याची वर्दी तेवढी देतो, म्हणजे तो मेघ दाखवितो, आणि त्यावरून बर्फाचे अनुमान ते पूर्ववत्. हवा कोरडी असली तर त्या पट्ट्यातही काही घडत नाही. मग अशा अनिश्चित ज्ञानावर हालचाल करावी काय? माझ्या मते करावी. परंतु खरी परीक्षा त्यानंतरच आहे. कार्बोरेटरात गरम हवा सोडणारी कळ ओढताच बर्फ वितळून पाणी इंजिनात जाते आणि ते क्षणभर अधिकच अडखळते, म्हणजे ज्येष्ठ प्रमाण मानलेले प्रत्यक्षच उपायाविरुद्ध साक्ष देते, आणि घाबरलेला हात कळ पुन्हा आत लोटू पाहतो. या अडखळण्याचे कारण ज्यास ठाऊक आहे, त्यासच ती साक्ष फेटाळता येते.

गरम हवा विरळ असल्याने शक्ती घटते, म्हणून कळ सदैव ओढून ठेवण्याचीही सोय नाही. पुष्कळ विमानांत हा तापमापक नसतोच. तेथे उतरण्यासाठी शक्ती कमी करण्यापूर्वीच कळ ओढण्याची शिक्षकाची ताकीद असते, आणि मेघ व पूर दोन्ही अदृश्य असता वैमानिक निव्वळ आप्तवाक्यावर, म्हणजे जाणत्याच्या शब्दावर, चालतो.