पोळ्याचा घास आणि निरपराध जिवाणू

पोळ्याच्या संध्याकाळी नेवासा, शेवगाव, पाथर्डीकडच्या वस्त्यांवर बैल मिरवून घरी येतात. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. घरची बाई पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळी बैलाच्या तोंडाशी धरते. मग शेजारची पोळी, मग भावकीतली. वर्षभर राबलेल्या जनावराला त्या दिवशी नाही कोण म्हणणार? पण पोळ्या जास्त झाल्या, की दुसऱ्या दिवशी बैल रवंथ थांबवतो, दात खातो, पातळ, आंबूस वासाचं शेण टाकतो. कधी बसला की उठतच नाही.

बैलाच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, एका मिलिलीटर रसात हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. कडब्यातले तंतू फोडणारं विकर बैलाच्या शरीरात तयारच होत नाही; ते काम या जिवाणूंचं. त्यांतलाच एक स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस. एरवी थोडक्या संख्येनं राहतो, आपल्या वाटणीचं पचवतो. गूळ, कणीक आणि शिजलेली डाळ एकदम पुढ्यात आली, की तो भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्ल तयार करतो. एरवी सहा-सातच्या दरम्यान असणारा सामू (पीएच) साडेपाचाच्या खाली उतरतो, कडबा पचवणारे मरू लागतात. मग आम्लात तगणारे लॅक्टोबॅसिलस पोट ताब्यात घेतात. दही लावणारे जिवाणू याच कुळातले! अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं आणि जनावर खचतं.

पशुवैद्यक खाण्याचा सोडा पाजतात, सलाईन लावतात. गरज पडली तर वाढलेले जिवाणू आवरायला तोंडावाटे प्रतिजैविक देतात, निरोगी जनावराच्या कोटीपोटातला रस आणून पाजतात.

या जिवाणूंचा अपराध कोणता? ते बाहेरून आले नाहीत, त्यांनी स्वभाव बदलला नाही. कालपर्यंत बैलाच्या पचनात त्यांचाही वाटा होता. बदललं ते फक्त प्रमाण. मग वाईटपणा जिवात असतो की प्रमाणात?

या प्रश्नावर ज्ञानेश्वरीकडे पाहावंसं वाटतं. ती याच भागात, प्रवरेकाठच्या नेवाशाला, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली सांगितली गेली. तिच्या शेवटी पसायदानात ज्ञानदेव दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावा, एवढंच मागतात. सहाव्या अध्यायात तर आहारालाही माप आहे. सोडा आणि निरोगी रस हे उपाय त्या मागण्याच्या जवळचे. प्रतिजैविक तसं नाही. ते मारतं, आणि मारताना कामाचा-बिनकामाचा भेद फारसा करत नाही.

तरीही अहिंसेच्या नावाखाली ते नाकारून बैल मरू देणं हा धर्म नव्हे. त्याच पोटातले असंख्य जिवाणू रोज पुढे सरकून पचतात आणि त्यांच्या देहातूनच बैलाला बरीचशी प्रथिनं मिळतात. मरण तिथं रोजचंच आहे. पशुवैद्यकाच्या हातून होणाऱ्या हिंसेचा भार त्याच्यावर टाकता येत नाही. तो भार माप सोडून भरवणाऱ्या हातावर येतो, मग त्या हातात कितीही माया असो. श्रद्धा खरी आहे म्हणून आम्ल कमी होत नाही.

यंदाच्या पोळ्याला बैलाला नैवेद्याचा एक लहान घास द्यावा, शेजाऱ्यांनाही तेवढंच सांगावं आणि पुढ्यात रोजचाच चारा टाकावा. रवंथ थांबलेलं दिसलं, तर घरी उरलेलं औषध न पाजता थेट पशुवैद्यकाला बोलवावं.